न्यूरोडायव्हर्जंट माणसं घरात, शाळेत आणि कामावर: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेल्या लहान-मोठ्यांबद्दल पालक, शिक्षक आणि कारखान्यांतले एचआरवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. यावरून घरबसल्या निदान करू नका. आपल्या वागण्या-बोलण्यात उद्या सकाळपासून काय बदलायचं, ते मात्र इथून जरूर उचला.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे नेमकं कोण?

ज्यांच्या मेंदूची घडण सुरुवातीपासूनच बहुतेकांपेक्षा वेगळी असते, ते. ऑटिझम (माणसांशी संवाद साधण्याची आणि आवाज-स्पर्श जाणवण्याची रीत निराळी असणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी स्थिर बसणं अवघड जाणं), अध्ययन अक्षमता (वाचनातली डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया, गणितातली डिस्कॅल्क्युलिया), हालचालींचा मेळ न बसणारी डिस्प्रॅक्सिया आणि टुरेट (नकळत होणाऱ्या हालचाली किंवा निघणारे आवाज) हे त्यातले मुख्य प्रकार. एकाच माणसात दोन-तीन प्रकार सर्रास सापडतात. मात्र २०१३ पर्यंत निदानाच्या अमेरिकन नियमावलीत ऑटिझम आणि एडीएचडी एकत्र लिहायची मुभा नव्हती. त्यामुळे आज पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांच्या जुन्या रिपोर्टवर एकच नाव दिसतं. घरात असा रिपोर्ट असेल तर पुन्हा तपासून घ्यावा.

सरकारी कागदांवर ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द आम्ही टाळतो, कारण त्यातून मूल स्वतःत दंग आहे, त्याला कोणाचं काही पडलेलं नाही असा समज होतो. कितीतरी मुलांना माणसं हवी असतात, फक्त जवळ येण्याची त्यांची रीत निराळी असते. ‘मतिमंद’ हा शब्द कोणासाठीच वापरू नका. बौद्धिक अक्षमता ही वेगळी बाब आहे. ती ऑटिझमबरोबर असू शकते, नसूही शकते.

आमचं काही चुकलं का? मोबाइलमुळे झालं, की लसीमुळे?

तुमचं काही चुकलेलं नाही. लसीचा संशय १९९८ मधल्या एका शोधनिबंधामुळे पसरला आणि २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. आई नोकरी करते म्हणून किंवा लाड फार झाले म्हणून मेंदूची घडण बदलत नाही. मोबाइल कमी केला तर गप्पा आणि खेळ वाढतात, म्हणून तो कमी करावाच, पण ऑटिझम मोबाइलने होत नाही. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असल्याने बोलणं खुंटतं हेही खरं नाही. ज्या भाषेत तुम्ही मनापासून बोलता, रागावता, गाणी म्हणता, तीच भाषा मुलाशी बोला.

शंका आली तर कधी आणि कुठे जायचं?

वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील तर लगेच जा. ‘मुलगे उशिराच बोलतात, थांबून बघू’ या वाक्यात सोन्यासारखी वर्षं निघून जातात. पहिल्यांदा कानांची तपासणी (बेरा चाचणी) करा. मूल हाकेला ओ देत नाही याचं कारण कधी कधी कानातच असतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्राथमिक चाचणी आहे. त्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नव्हे, पुढे सविस्तर तपासणी लागते. ती बालविकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात.

सरकारी वाट अंगणवाडीपासून सुरू होते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि गरज असलेल्यांना जिल्हा पातळीवर पाठवतात. नाशिकमध्ये चौकशीची पहिली जागा म्हणजे त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय. खासगी ठिकाणी जाणार असाल तर सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच वाटू देऊ नका, तो रिपोर्टवर छापलेलाच असायला हवा.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाची ८ वर्षं झाल्यावरच मिळतं. वाचायला शिकवणं मात्र तोवर अडवून ठेवायचं कारण नाही. पहिलीत अडखळणाऱ्या मुलाला पहिलीतच मदत द्या.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं की मुलावर शिक्का बसतो ना?

प्रमाणपत्र तुमच्या फाइलमध्ये राहतं, ते कोणाला दाखवायचं हे तुम्ही ठरवता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ऑटिझम, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार त्यात येतात. एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही, म्हणून नुसत्या एडीएचडीच्या रिपोर्टवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) धावपळ करून बहुतेकदा निराशा पदरी येते. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर ती आधी नीट तपासून घ्या.

ऑटिझमसाठी आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. अडतं ते क्षुल्लक गोष्टींवर: आधारवर आणि जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं, मूळ रिपोर्ट घरी, नाहीतर मोबाइल नंबर बदललेला. तपासणीच्या दिवशी डबा, पाणी, आवडीची वस्तू आणि ताटकळत थांबायची तयारी ठेवून जा. मूल त्या दिवशी शांत बसलं तर डॉक्टरांना घरचं चित्र दिसत नाही. म्हणून जेवण, झोप, बाहेर पळून जाणं, अंघोळीला लागणारी मदत हे एका कागदावर लिहून न्या. लहान मुलांचं प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचं असतं, ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

थेरपी सेंटर कसं निवडायचं?

दार उघडं आहे का ते बघा. पालकांना सत्र बघू देत नाहीत, घरी काय करायचं सांगत नाहीत, ‘सहा महिन्यांत नॉर्मल करतो’ म्हणतात, अशा ठिकाणाहून परत फिरा. चांगला थेरपिस्ट ‘आंघोळीनंतर टॉवेल स्वतः उचलेल’ इतकं बारीक उद्दिष्ट लिहून देतो आणि तीन महिन्यांनी ते जमलं का ते तपासतो. हात फडफडवणं, डोलणं जबरदस्तीने थांबवणं हे उद्दिष्ट असूच नये. त्या हालचालींतून मूल स्वतःला सावरत असतं. थांबवायची ती फक्त इजा करणारी हालचाल, तीही दुसरा पर्याय देऊन.

स्टेम सेल, चिलेशन (औषधाने शरीरातले धातू बाहेर काढणं), दाबाखालचा ऑक्सिजन यांवर दागिने गहाण ठेवणारी घरं आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो: ऑटिझमसाठी यातल्या कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त संशोधन चाचणीत करता येतो आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

सकाळी शाळेला निघताना रोज रडारड होते. काय करू?

‘आवर लवकर’ या दोन शब्दांत सात कामं दडलेली आहेत: ब्रश, अंघोळ, कपडे, केस, नाश्ता, दप्तर, बूट. मोठ्यांना ती आपोआप उलगडतात, या मुलांना नाही. म्हणून ती भिंतीवर आणा. मुलाच्याच ब्रशचा, बादलीचा, गणवेशाचा, ताटलीचा फोटो काढा, पोस्टकार्डाएवढे सात प्रिंट घ्या आणि एकाखाली एक, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. कपडे वाळत घालायचा एक चिमटा पहिल्या फोटोला लावा. काम झालं की मुलानेच चिमटा खाली सरकवायचा. हाताने होणाऱ्या या एका कृतीमुळे ‘आता पुढे काय’ हे त्याला कोणाला विचारावं लागत नाही.

बिघडतं कुठे तेही सांगतो. उत्साहाच्या भरात पंधरा फोटो लावले जातात. तक्ता फ्रिजवर मोठ्यांच्या उंचीला जातो. चार दिवस गडबड झाली की ‘उपयोग नाही’ म्हणून काढला जातो. निदान तीन आठवडे क्रम न बदलता ठेवा.

सूचना देताना जवळ जा, नाव घ्या, एकच वाक्य बोला आणि मनात दहा आकडे मोजा. आपण तीन सेकंदांत तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो: ‘बूट घाल’, ‘अरे, झालं का?’, ‘अजून बसलाच आहेस?’ आपल्यासाठी ही एकच गोष्ट, मुलासाठी तीन नव्या सूचना. पहिलीवर चाललेलं काम दुसरीने पुसलं जातं.

कॉलरचं लेबल मुळापासून उसवा (कापलेली कड जास्त टोचते), मोजे उलटे घातले तर शिवण बोचत नाही. मिक्सर लावण्याआधी ‘आवाज येणार’ असं सांगायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्या.

जेवणात चारच पदार्थ खातो. उपाशी ठेवलं तर खाईल का?

नाही. बरीच मुलं खरोखर उपाशी राहतात आणि आजारी पडतात. भेंडीचा बुळबुळीतपणा किंवा साबुदाण्याचा चिकटपणा त्यांना सहन होत नाही. ताटात एक खात्रीचा पदार्थ ठेवा. नवीन पदार्थ शेजारी वेगळ्या वाटीत चमचाभर असू द्या आणि खाण्याची सक्ती करू नका. बघणं, वास घेणं, बोट लावणं ही खाण्याआधीची पायऱ्या-पायऱ्यांची वाट आहे. वजन उतरत असेल, जेवताना ठसका लागत असेल किंवा पोट साफ होत नसेल तर आधी डॉक्टर.

हा हट्ट आहे की मेल्टडाउन, कसं ओळखायचं?

हट्ट करणारं मूल मध्येच तुमच्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये हवं ते दिलं तरी थांबता येत नाही. आवाज, गर्दी, भूक, अचानक बदललेला बेत असा साचलेला भार एकदम फुटलेला असतो. कान झाकणं, येरझाऱ्या, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं या आधीच्या खुणा. तेव्हाच बाहेर घेऊन जाता आलं तर बहुतेक वेळा पुढचं टळतं.

सुरू झालंच तर बोलणं बंद करा. दिवा मंद करा, बघ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा, डोक्याला लागेल अशा वस्तू हलवा आणि हातभर अंतरावर बसून राहा. धरून ठेवणं फक्त जीवाला धोका असेल तरच. वीस मिनिटं लागतील, कधी तासही. नंतर पाणी आणि विश्रांती. ‘असं का वागलास’ हा तास त्या दिवशी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी वहीत आधीच्या दोन तासांची नोंद करा: झोप, खाणं, आवाज, बदल. पंधरा दिवसांच्या नोंदींत कारण बहुधा उघड दिसतं. काही मुलं, विशेषतः मुली, फुटण्याऐवजी गप्प होतात, पांघरूण ओढून पडून राहतात. भार तोच असतो, म्हणून वागणूकही तशीच द्या.

आजी-आजोबा म्हणतात, ‘तुम्हीच लाडावून ठेवलंय.’

वाद घालण्यापेक्षा एक नेमकं काम द्या. ‘आई, त्याला ऐकू येतं, पण ऐकून हलायला वेळ लागतो. एकदा सांगून दहा मोजा’ हे एक वाक्य लेक्चरपेक्षा जास्त काम करतं. ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट करण्यात आजोबांचा हात कोणी धरू शकत नाही. रोज पाच वाजता गोदा पार्कला त्याच रस्त्याने चक्कर हा मुलासाठी मोठा आधार होतो. पाहुण्यांसमोर गालगुच्चा, मिठी, पाया पडायची बळजबरी नको. लांबून हात जोडून केलेला नमस्कारही नमस्कारच असतो.

मिरवणूक, रंगपंचमी, सिंहस्थ: न्यायचं की घरीच राहायचं?

न्या, पण आपल्या अटींवर. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशांच्या वाटेत उभं राहण्याऐवजी सकाळीच मंडळाचा गणपती बघून या. रंगपंचमीच्या रहाडीत (रंगीत पाण्याच्या जुन्या हौदात) उडी मारणं हा नाशिकचा मान खरा, पण अंगावर अचानक पाणी येणं अनेकांना असह्य होतं. लांब गच्चीवरून बघणं हासुद्धा सहभाग आहे. कानांवर घालायचे इअरमफ आठ-दहा दिवस आधी घरी दहा-दहा मिनिटं घालून सवय करा. ऐन गर्दीत पहिल्यांदा घातले तर मूल ते काढून फेकतं. परत निघायची खूण आधीच ठरवा आणि मुलाने ती केली की खरंच निघा.

२०२७ च्या सिंहस्थाची गर्दी रामकुंड, पंचवटी, तपोवन या भागांत राहणाऱ्यांना चुकवता येणार नाही. मूल बोलत नसेल तर शर्टाच्या आतल्या बाजूला नाव आणि दोन फोन नंबर कापडी पट्टीवर शिवा. गळ्यातलं ओळखपत्र ओढून काढलं जातं. रोज बाहेर पडताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो मोबाइलवर काढा. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: ऑटिझम असलेली अनेक मुलं पाण्याकडे ओढली जातात. मूल दिसेनासं झालं तर शेजाऱ्यांच्या घरांआधी नदीचा घाट, कालवा, विहीर, सोसायटीची टाकी बघा. पोहायला लवकर शिकवा, कपड्यांसकटसुद्धा.

शाळा प्रवेश नाकारते किंवा ‘शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस) तुमच्या खर्चाने आणा’ म्हणते.

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. प्रवेश अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकारही लेखी मागा. कागद मागितला की पुष्कळदा सूर बदलतो. सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि गरजेनुसार सोय करावी, असं २०१६ चा कायदा सांगतो. बेंचमार्क (म्हणजे किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांमध्येही दिव्यांग मुलं बसतात. तक्रार शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, तालुक्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. तिथे दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवायला मुख्याध्यापकांना सांगा.

ज्यांना मुख्य प्रवाहातली शाळा खरोखर मानवत नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावी आहे. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी या विशेष शाळेचं काम सुरू केलं. विशेष शाळेत जाणं म्हणजे हरणं अशी भावना पालकांनी मनात ठेवू नये.

वर्गात पन्नास मुलं आहेत. एकासाठी मी काय काय करू?

जे एकासाठी कराल त्यातलं बरंच पन्नासांच्या उपयोगी पडतं. गृहपाठ रोज फळ्याच्या त्याच कोपऱ्यात लिहा. प्रश्न विचारताना आधी नाव घ्या, मग प्रश्न. उलट केलंत तर एडीएचडी असलेल्या मुलापर्यंत फक्त स्वतःचं नाव पोहोचतं. बसायला दुसरी रांग, दार-खिडकीपासून लांब, शांत मुलाशेजारी. वह्या वाटणं, फळा पुसणं ही कामं त्याला द्या, हलायला मिळालं की पुढचा तास बरा जातो. पीटीचा तास शिक्षा म्हणून काढून घेणं ही आम्हाला सर्वांत घातक वाटणारी सवय, कारण ज्याला पळण्याची गरज आहे त्यालाच आपण बसवून ठेवतो. तास बदलणार असेल, बदली शिक्षक येणार असतील तर सकाळी सांगा. ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका. काही मुलांना बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही.

मराठी वाचताना-लिहिताना इतकं का अडतं? आळस तर नाही?

देवनागरी जसं बोलतो तसं लिहितात हे खरं, पण तिच्या स्वतःच्या खाचाखोचा आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर, म्हणून ‘किती’ लिहिताना हात अडखळतो. ‘र’ तर बहुरूपी: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी, ‘दऱ्या’मध्ये अर्धा. घ-ध, भ-म, थ-य, व-ब या जोड्या एका रेघेने वेगळ्या होतात. शिरोरेषा ओढली की ही सगळी अक्षरं एका दोरीवर वाळत घातल्यासारखी एकसारखी दिसतात.

म्हणून चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. चूक दहा वेळा पक्की होते. परातीत रवा पसरून बोटाने अक्षर गिरवायचं आणि त्याच वेळी मोठ्याने म्हणायचं, असं रोज पंधरा मिनिटं. एका आठवड्यात एकच जोडी, घ आणि ध एका दिवशी कधीच नाहीत. जाड कागदात एका ओळीएवढी खिडकी कापून वाचताना खाली सरकवत न्यावी. इतिहासाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नका, तिथे इतिहास तपासायचा आहे.

अंकांची गंमत वेगळी. ‘पंचेचाळीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५४ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतो, म्हणून ३९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘चाळीस पाच’ पद्धत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलासाठी मात्र ती पद्धत उपयोगाची आहे. आधी ‘चाळीस पाच’ पक्कं करा, मग पंचेचाळीस हे त्याचं टोपणनाव म्हणून शिकवा. उदाहरणं चौकटींच्या वहीत, एका पानावर चारच.

मराठीतून वाचन तपासण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ चाचणी आहे. मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी फक्त इंग्रजीतून झाली असेल तर ती अपुरी समजा.

दहावीला कोणत्या सवलती मिळतात?

प्रकारानुसार जादा वेळ (तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास), लेखनिक, कॅल्क्युलेटर, भाषेतून सूट. प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे याच मंडळात येतात. घोळ होतो तो उशिरामुळे. दहावीच्या दिवाळीत धावपळ सुरू करणाऱ्यांना तपासणीची तारीखच मिळत नाही. आठवी-नववीत कागद पूर्ण करा. लेखनिकासोबत किमान पाच-सहा सराव पेपर सोडवा. तोंडी उत्तर सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा जमत नाही.

एडीएचडीचं औषध दिलं तर सवय लागेल का?

डॉक्टरांच्या देखरेखीत योग्य मात्रेत दिलं तर तशी भीती बाळगू नये. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना वागण्याच्या पद्धती शिकवतात, औषध नंतर. मेथिलफेनिडेट त्याच दिवशी परिणाम दाखवतं, अॅटोमॉक्सेटिनला काही आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून ते बंद करू नका. भूक मंदावते, म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता द्या. वजन, उंची, रक्तदाब नियमित मोजा. मेथिलफेनिडेटवर कायद्याने कडक नियंत्रण आहे. प्रत्येक दुकानात ते मिळत नाही, म्हणून आठवडाभराचा साठा उरला असतानाच नवीन चिठ्ठी घ्या.

आमचा सातपूरला कारखाना आहे. भरती करताना काय बदलायचं?

मुलाखत. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नातून बोलघेवडेपणा तपासला जातो, काम नाही. त्यापेक्षा तासाभराचं काम द्या: व्हर्नियरने वीस नग मोजायचे आणि तपासणी पत्रक भरायचं. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. कोणत्या गेटने यायचं, कोण भेटणार, किती वेळ लागणार हे लेखी कळवा. नजर मिळवणं आणि हस्तांदोलन यांचे गुण रद्द करा. आणि ऑटिझम म्हणजे कॉम्प्युटरमधला जादूगार हा गैरसमजही सोडा. कोणाला मोजमाप आवडतं, कोणाला झाडं.

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही २०१६ च्या कायद्याखाली समान संधी धोरण जाहीर करून त्यात सोयींचा तपशील द्यायचा असतो. ते लिहून ठेवलं नसेल तर सुरुवात तिथून करा.

कामावर घेतलं, आता रोजचं कसं?

आपल्या बोलण्यापासून. मराठीत आदेश सौम्य करून देण्याची रीत आहे. साहेब ‘जमलं तर बघ जरा’ म्हणतात आणि सगळ्यांना कळतं की हे आजच करायचंय. ऑटिझम असलेला सहकारी ते शब्द जसेच्या तसे घेतो: जमलं तर. संध्याकाळी काम झालेलं नसतं आणि त्याच्यावर बेफिकीर असल्याचा ठपका येतो. त्याऐवजी म्हणा, ‘आज चार वाजेपर्यंत या लॉटचे वीस नग मोजून पत्रकात भर. शंका आली तर शिंदेंना विचार.’ काय, किती, कधीपर्यंत, कोणाला विचारायचं, या चार गोष्टी आल्या की काम होतं. ‘येतोच पाच मिनिटांत’ म्हणाल तर पाच मिनिटांत या.

दर आठवड्याला फिरणारी शिफ्ट झोप मोडते आणि एडीएचडी असलेल्यांचं लक्ष आणखी विस्कटतं. शक्य असेल तर शिफ्ट कायम ठेवा, नाहीतर बदल आठवडाभर आधी कळवा. मोठं काम रोजच्या तुकड्यांत पाडा आणि ठरल्या वेळी दहा मिनिटं भेटा. डिस्लेक्सिया असलेल्याला लांबलचक मेसेजऐवजी व्हॉइस नोट आणि आकृती द्या. शॉप फ्लोअरवर इअरमफ घालणाऱ्यासाठी भोंग्याबरोबर चमकणारा दिवा हवा, आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना ते माहीत हवं. ऑफिसात भिंतीला पाठ येईल अशी जागा द्या, लुकलुकणारी ट्यूब बदला. चूक दाखवायची तर एकट्यात, त्याच दिवशी, नेमकी.

चांगली घडी बहुतेकदा सुपरवायझर बदलला की मोडते, कारण ती फक्त त्याच्या डोक्यात असते. म्हणून सगळ्या सोयी एका पानावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचा.

माझं निदान पस्तिशीत झालं. ऑफिसात सांगू का?

सक्ती नाही, राखीव जागेवर अर्ज केला असेल तरच कागद लागतो. सहकाऱ्यांच्या वागण्यावरून अंदाज घ्या. नाव न सांगता गरज सांगता येते: ‘तोंडी सूचना माझ्याकडून निसटतात, मीटिंगनंतर मुद्दे मेल केलेत तर काम अचूक होईल.’ एवढ्याने भागलं तर पुढे जायची गरज नाही. उशिरा निदान झालेल्यांत स्त्रियांचं प्रमाण लक्षात येण्याजोगं आहे. लहानपणापासून इतरांची नक्कल करत त्या निभावून नेतात आणि नोकरी, मूल, सासर एकत्र आलं की थकून कोसळतात. मनावर फार ताण असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

लग्न लावून दिलं की सुधारेल का?

नाही. लग्न हा उपचार नाही आणि निदान लपवून केलेलं लग्न दोन घरांना दुखावतं. त्या व्यक्तीला स्वतःला हवं असेल आणि समोरच्याला सगळं माहीत असेल, तर छान संसार होऊ शकतो.

आमच्या माघारी तिचं कोण बघणार?

१८ वर्षं पूर्ण झाली की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. याच न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. प्रत्येकाला पालक लागतोच असं नाही. जी स्वतःचे निर्णय थोड्या मदतीने घेऊ शकते, तिची सही तिचीच राहू द्या.

कागदांइतकीच गरजेची आहे एक दोनशे पानी वही. तिच्यात लिहा: ती सकाळी किती वाजता उठते, चहा कोणत्या कपात घेते, कोणती गोळी कशाबरोबर घेते, कोणत्या आवाजाला घाबरते, ‘नको’ कसं सांगते, दुखत असेल तर काय करते, चिडली तर कशाने शांत होते, कोणाच्या घरी आनंदाने राहते. मग तुम्ही असतानाच त्या घरी तिला एक रात्र राहू द्या, पुढच्या महिन्यात दोन. वही सोबत द्या, आणि परत आल्यावर त्या घरच्यांना जे नवीन कळलं ते त्यांच्याच हाताने तिच्यात लिहून घ्या.